रद्दीवाला, मोडवाला, बोहारीण, ‘स्वच्छ’, गूंज : पाडव्याआधी घर मोकळं करणाऱ्यांचा आढावा

होळी पौर्णिमा ते गुढीपाडवा, असे पंधरा दिवस हाताशी असतात. माळा उपसायला वर्षात याहून चांगला पंधरवडा नाही. हवा कोरडी असल्यामुळे ‘ओल आहे’ म्हणून रद्दीत घट धरायला कोणाला कारण मिळत नाही. दसरा-दिवाळीला सगळी सोसायटी एकदम माळ्यावर चढते, तशी झुंबडही या दिवसांत नसते. शिवाय परीक्षा संपत आलेल्या असतात, त्यामुळे कोणती पुस्तकं लागणार आणि कोणती नाहीत हे ठरवता येतं.

सामान काढून ठेवणं अवघड नाही. ते कोणाच्या हवाली करायचं, इथे बहुतेक घरं चुकतात. माळ्यावरून उतरवलेला ढीग दारात एकाच माणसासमोर मांडला, की सगळ्या ढिगाचा भाव रद्दीचा होतो. पितळी नळ लोखंडात जातो, जरीची साडी चिंधीत जाते आणि फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत जाते. म्हणून घर मोकळं करायला मदत करणाऱ्या प्रत्येकाकडे काय द्यावं, काय देऊ नये आणि व्यवहार कुठे फसतो, ते इथे मांडलं आहे.

आधी थोडी पूर्वतयारी. सहा रिकाम्या गोण्या घ्या: कागद, धातू, कपडे, विजेच्या वस्तू, वापरण्याजोग्या इतर वस्तू आणि जपून टाकायच्या वस्तू. माळ्यावर उंदरांच्या लेंड्या असतील तर कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ नाकातोंडात जाते. फिनेल किंवा ब्लीचचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने उचला. वाळवी लागलेला गठ्ठा घरातून ओढत नेऊ नका. तो माळ्यावरच पिशवीत घालून तोंड बांधा आणि मगच खाली उतरवा.

रद्दीवाला

अजूनही सगळ्यात भरवशाची सेवा हीच. दारात येतो, गठ्ठे स्वतः बांधतो, ओझं स्वतः उतरवतो, रोख पैसे देतो आणि नेलेला कागद खरोखरच कारखान्यात लगदा होऊन पुठ्ठ्याच्या रूपात परत येतो. तक्रार एकच असते, वजनाची. तिच्यावर उपाय भांडणाचा नाही, हिशोबाचा आहे.

वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम भरतो. मोठ्या आकाराच्या अंकाचं एक पान, म्हणजे पाठपोट दोन पृष्ठं, आठ ग्रॅमच्या आसपास जातं. १६ पृष्ठांचा अंक म्हणजे आठ पानं, म्हणजे ६० ते ७० ग्रॅम. महिन्याचे दोन किलो आणि वर्षाचे २३-२४ किलो झाले. पुरवण्या असतील तर त्याहून जास्त. तेव्हा एका वर्तमानपत्राची वर्षभराची रद्दी १५ किलो भरली, तर काट्यात काहीतरी गडबड आहे. प्रिंटरच्या कागदाचं ५०० पानांचं ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर रीम २.३ किलोच्या थोडं वर भरतं, त्यावरून ऑफिसच्या जुन्या कागदांचा अंदाज येतो.

आता काटा. तागडीने तोलताना पुष्कळदा एकच किलोचं वजन असतं. पहिला किलो मोजला की तो कागद वजनाशेजारी त्याच पारड्यात जातो आणि पुढच्या वेळी समोर दोन किलो तोलले जातात, मग चार. या पद्धतीत वावगं काही नाही, पण पहिला किलो ११०० ग्रॅमचा असेल तर तीच चूक पुढच्या प्रत्येक तोलात शिरते. म्हणून पहिल्या तोलाकडे नीट पाहा: दांडी सरळ थांबली का, कागदाचं पारडं खाली झुकलेलं असतानाच उचललं का. स्प्रिंगच्या काट्यात तीन गोष्टी बघायच्या. रिकामा असताना काटा शून्यावर आहे का, गठ्ठा कुठे पायाला किंवा जमिनीला टेकतोय का आणि झोके थांबल्यावरच आकडा वाचला जातोय का. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन ठेवण्याआधी शून्य दिसलं पाहिजे, उणे आकडा दिसता कामा नये.

तपासणीचा सोपा मार्ग घरातच आहे. एक किलोची न फोडलेली पाच मिठाची किंवा साखरेची पाकिटं एका पिशवीत घालून काट्याला लावा. पाच किलो आणि वर पिशवी-वेष्टनाचं थोडंसं वजन दिसायला हवं. साडेचार दिसले तर त्या काट्यावर पुढे काही मोजायचं नाही. हे सरळ, हसतमुखाने सांगावं. चोख काट्याचा माणूस यात अपमान मानत नाही. व्यापारी वापराच्या काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का असणं कायद्यानेही बंधनकारक आहे.

भाव ठरवताना वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकं, चकचकीत मासिकं आणि पुठ्ठा हे चार ढीग वेगळे ठेवा. एकत्र केले की सगळ्यात कमी भाव सगळ्यांना लागतो. स्पायरलच्या तारा, प्लॅस्टिकची कव्हरं आणि लॅमिनेशन काढून टाका. प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या जाड लग्नपत्रिकांना कोणी पैसे देत नाही आणि त्यांचा लगदाही नीट होत नाही.

चांगली पुस्तकं किलोवर देऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या आणि मुंबईत फाउंटन, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पुस्तकविक्रेत्यांकडे जुन्या पुस्तकांना गिऱ्हाईक आहे. स्पर्धा परीक्षा आणि अभियांत्रिकीची पुस्तकं असतील तर आवृत्तीचं वर्ष आधी बघा. अभ्यासक्रम बदलला असेल तर तिथेही रद्दीचाच भाव मिळेल. शाळेची पाठ्यपुस्तकं धाकट्या वर्गातल्या मुलांना थेट द्यावीत, पण त्याआधी त्या इयत्तेचं पुस्तक बदललं आहे का हे विचारून घ्यावं.

रद्दीत काय जाऊ नये? आधार-पॅनच्या झेरॉक्स, कोरे किंवा रद्द केलेले चेक, बँकेची विवरणपत्रं, विम्याची आणि दवाखान्याची कागदपत्रं. हे कागद हाताने फाडून रात्रभर बादलीत भिजत घाला, सकाळी कुस्करा आणि गाळून सुकवा. नुसते चार तुकडे करून टाकलेला कागद जुळवता येतो. लेझर प्रिंटरची शाई पाण्यात विरघळत नाही, म्हणून कुस्करणं महत्त्वाचं. घराचा करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, फेरफार उतारे आणि कर्जफेडीचा बँकेचा दाखला यांची फाइल माळा उपसण्यापूर्वीच कपाटात हलवा. आवराआवरीच्या घाईत गहाळ होतात ते नेमके हेच कागद. आयकराचे कागद आठ वर्षं ठेवलेले बरे.

भंगारवाला आणि मोड घेणारा

खरे पैसे धातूत आहेत आणि खरं नुकसानही तिथेच होतं. दारावरचा भंगारवाला आणि पितळ-तांब्याची मोड घेणारा भांड्यांचा दुकानदार यांच्यात फरक करा. लोखंड, पत्रा, प्लॅस्टिक, बाटल्या भंगारवाल्याला द्या. तांबं, पितळ आणि कासं मात्र भांड्यांच्या दुकानात न्या. भाव रोज हलतात, पण उतरंड सहसा हलत नाही: सगळ्यात वर तांबं, मग पितळ, मग ॲल्युमिनियम, त्याखाली स्टेनलेस स्टील, मग लोखंड. तांब्याचा भाव लोखंडाच्या दसपटीहून जास्त असतो. म्हणजे एक किलोचा बंबाचा तुकडा लोखंडात गेला, तर दहा किलो लोखंड फुकट दिल्यासारखं झालं.

ओळखायला लोहचुंबक आणि कानस पुरेशी आहे. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वरून पिवळं दिसत असलं तरी. पितळेचा मुलामा दिलेल्या समया आणि शोभेच्या वस्तू अशाच पकडल्या जातात. स्टीलच्या बाबतीत मात्र चुंबकावर विसंबू नये. चांगल्या ३०४ प्रतीच्या स्टीलला तो चिकटत नाही आणि हलक्या २०२ प्रतीच्या स्टीललाही बहुधा चिकटत नाही. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचं बूड मुद्दाम चिकटणाऱ्या स्टीलचं केलेलं असतं, तेव्हा चिकटलं म्हणून ते भांडं वाईट ठरत नाही.

बाथरूमच्या दुरुस्तीनंतर पिशवीत पडून राहिलेले जुने नळ हा माळ्यावरचा सगळ्यात दुर्लक्षित ऐवज आहे. वरून सगळे चंदेरी दिसतात. नळाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेला कानशीचे दोन हात मारा. पिवळं निघालं तर पितळ. पांढुरकं-राखाडी निघालं तर जस्ताचा मिश्रधातू, त्याला भाव कमी. प्लॅस्टिकची मूठ आणि रबरी वॉशर आधीच काढा, नाहीतर त्यांच्या नावाखाली सबंध वजनातून घट कापली जाते. कुकरचंही तसंच. दांड्या, गास्केट आणि शिट्टी काढून फक्त ॲल्युमिनियमचं भांडं तोला. जुना बंब असेल तर लोखंडी जाळी आणि पाय वेगळे करा, तांब्याचं अंग वेगळं तोला.

मोडीत काढताना दुकानदार घट सांगतो. सांध्यातलं झाळकाम, लाख, आतली क्षाराची पुटं आणि कलई यांपोटी थोडी घट रास्त आहे, पण ती तोलण्याआधी ठरली पाहिजे. भांडं घासून, कोरडं करून न्या, म्हणजे घटीवरचा वाद निम्मा होतो. जुनं देऊन नवं घेणार असाल तर दोन स्वतंत्र हिशोब मागा: मोडीचे एकूण किती आणि नव्याचे एकूण किती. ‘वरचे एवढे द्या’ असा एकच आकडा ऐकून व्यवहार केला, तर मोडीचा भाव काय लागला हे शेवटपर्यंत कळत नाही.

आणि एक विनंती. जाड पत्र्याचं, हाताने ठोकलेलं घंगाळ, हंडा किंवा पातेलं मोडीत काढण्यापूर्वी दोनदा विचार करा. असं काम आज बनवून घ्यायला गेलं तर मोडीच्या पैशांत मुळीच होत नाही. कलई करून ते पुन्हा स्वयंपाकात येतं. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्याचं काम अजून चालतं. पोचे काढून मिळतील का, हे तिथे जाऊन विचारण्यासारखं आहे. मोडायचं नसेल पण ठेवायलाही जागा नसेल, तर बुधवारी आणि रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार इथे जुन्या वस्तूची किंमत वस्तू म्हणून होते, नुसत्या वजनाने होत नाही.

बोहारीण

कपड्यांसाठी आमची पहिली पसंती बोहारणीला. तिच्याकडे गेलेला कपडा खरोखर पुन्हा अंगावर चढतो. बोहारणी शर्टाची कॉलर उलटवतात, पँटची शिवण घट्ट करतात, धुऊन-इस्त्री करून बाजारात विकतात. त्यांना पॅंट, जीन्स, शर्ट आणि सुती साड्या हव्या असतात. आतले कपडे, विटलेले मोजे आणि फाटकी होजिअरी त्या घेत नाहीत, ती ढिगात घालून घासाघीस लांबवू नका.

बदल्यात मिळणाऱ्या भांड्याचा आकार फसवा असतो. पातळ पत्र्याचं मोठं पातेलं हातात घेतलं की वाकतं, गॅसवर ठेवलं की करपतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेवा आणि भांडं तोलून घ्या. स्टीलची भांडी दुकानात बऱ्याचदा वजनावर विकली जातात, त्या भावाने गुणलं की समोरच्या डब्याची किंमत लगेच कळते. तीन हलक्या डब्यांऐवजी एक जाड बुडाचं भांडं मागा.

जरीच्या साड्या या ढिगात मुळीच घालू नका. जुना शालू किंवा पैठणी विरली असली तरी जर खरी असू शकते, म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. पदराच्या टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि ज्योतीला लावा. वितळून गोळी झाली तर जर प्लॅस्टिकची आहे. तारेचा आकार टिकला तर ती धातूची, पण चांदीची की तांब्याची हे जर विकत घेणाऱ्याकडून किंवा सराफाकडून तपासूनच घ्यावं. साडी संपूर्ण द्यायची नसेल तर काठ-पदर काढून दुसऱ्या कापडावर लावून घेता येतात.

गूंज ही जुने कपडे आणि वस्तू गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारी, १९९९ मध्ये सुरू झालेली संस्था. बोहारणीने नाकारलेल्या सुती साड्या आणि चादरी तिथे कामाला येतात, कारण स्वच्छ सुती कापडापासून तिथे मासिक पाळीचे पॅड बनवले जातात. कपडे धुऊन द्या, बुटांचे जोड नाडीने एकत्र बांधा, सलवार-कमीजचे संच पिनने जोडा. एक बूट हरवला की दुसरा निरुपयोगी, एवढं साधं कारण आहे. फाटलेलं, डागाळलेलं देऊ नका. ते निवडण्यात तिथल्या लोकांचा दिवस जातो.

‘स्वच्छ’

पुण्यातल्या वाचकांसाठी हा सगळ्यात चांगला पर्याय आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. दारोदार कचरा घेणाऱ्या ताई सुका कचरा वेगळा करून विकतात आणि ते पैसे त्यांचे असतात. म्हणजे धुतलेल्या बाटल्या, कोरडा पुठ्ठा, दुधाच्या स्वच्छ पिशव्या वेगळ्या बांधून दिल्या की त्यांची कमाई थेट वाढते. एकदा खरकट्यात बुडालेला पुठ्ठा विकता येत नाही.

मोठ्या आवराआवरीसाठी त्यांचा ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रम बघा. कपडे, खेळणी, भांडी, फर्निचर, विजेच्या वस्तू असं सगळं एका ठिकाणी घेतलं जातं. संकलन भागाभागानुसार आणि ठरलेल्या दिवशी होतं, म्हणून माळा उपसण्याची तारीख त्या दिवसाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत ठेवा. उलट केलं तर ढीग आठवडाभर व्हरांड्यात पडतो आणि त्यातलं निम्मं पुन्हा माळ्यावर चढतं.

मोबाइलवरून बोलवायच्या भंगारसेवांबद्दल थोडक्यात. भावफलक आधी दिसतो, काटा इलेक्ट्रॉनिक असतो, पैसे यूपीआयने येतात. नोकरदार घरांना वेळ ठरवून बोलावता येणं ही मोठी सोय आहे. पण किमान वजनाची अट वाचा आणि आलेल्या माणसाकडून फलकावरचाच भाव लागतोय का हे तोलण्याआधी विचारा. पितळ-तांब्यासाठी आम्ही तरी या सेवा सुचवणार नाही, मिश्र धातू म्हणून एकाच रकान्यात मोजलं जाण्याचा धोका असतो.

विजेच्या वस्तू

इथे चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा त्यांच्यापर्यंत माल पोचवणाऱ्या संकलन केंद्रातच द्या. कारण सरळ आहे. उघड्यावर तांबं काढायचं तर तारा जाळतात आणि पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. सर्किटमधलं सोनं काढायला आम्ल वापरतात आणि ते नाल्यात सोडतात. जुन्या, जाड पाठीच्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. त्यातली तांब्याची गुंडाळी काढली की काच कुठेतरी फेकली जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे, म्हणून नवा टीव्ही, फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घेताना जुनं परत घेण्याबद्दल आग्रहाने विचारा.

फोन देण्यापूर्वी आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. हा क्रम उलटा झाला तर फोन जुन्या खात्याला कुलूपबंद राहतो आणि पुढच्याच्या कामाचा उरत नाही. कॉम्प्युटरमधून फाइल ‘डिलीट’ केल्याने ती जात नाही. हार्ड डिस्क चार स्क्रू काढून घरी ठेवा किंवा तिच्या तबकड्यांना ड्रिलने भोक पाडा.

फुगलेली लिथियम बॅटरी दाबू, टोचू, उन्हात ठेवू नका. टोकांवर चिकटपट्टी लावा, धातूच्या वस्तूंपासून दूर, वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर केंद्रावर न्या. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेते. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आम्लासह ५०-६० किलो भरते. ती उभीच न्यायची आणि आम्ल मोरीत ओतायचं नाही. नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून मिळतात, तोच रास्त मार्ग आहे.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडून सगळ्यांनी पंधरा मिनिटं खोलीबाहेर राहावं. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नये, पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे उचलावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.

उरलेलं

मुदत संपलेली औषधं पाकिटासकट टाकली तर कचरा वेचणाऱ्यांच्या हाती पडून पुन्हा विकली जाऊ शकतात. औषधविक्रेत्याकडे परत घेण्याची सोय आहे का विचारा, नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापावडरीत मिसळा, पिशवी बंद करा आणि मगच द्या. वापरात नसलेला गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर भंगारात विकू नका. तो एजन्सीचा आहे, कागदपत्रं दाखवून जमा केला की अनामत परत मिळते.

राहिल्या गाद्या. फोमची गादी कोणी विकत घेत नाही, पण कापसाची गादी टाकू नका. सिंगल गादीत साधारण ८ ते १० किलो कापूस असतो आणि पिंजून तो पुन्हा वापरात येतो. पिंजाऱ्याला घरासमोरच काम करायला सांगा, खोळ उसवल्यावर कापूस तोला आणि पिंजून झाल्यावर पुन्हा तोला. धूळ आणि तुसं झडल्यामुळे वजन थोडं उतरतं, ते गृहीत धरा. त्याहून जास्त उतरलं तर नवा कापूस किती भरावा लागेल हे खोळ शिवण्याआधी ठरवा. गादी भरल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या. चैत्राच्या तोंडावर ते ऊन फुकट मिळतं.